२२ मिनिटांची २२ पानं का होत नाहीत

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: एका विज्ञानकथा अ‍ॅनिमेशन मालिकेवरून कॉमिक करायचं काम तुमच्याकडे आलंय. हक्कदारांची परवानगी आहे, मालिका पहिल्या सीझननंतर थांबलेली आहे. २२ मिनिटांचा पहिला भाग तुम्ही २२ पानांत बसवलात, संवाद जसेच्या तसे ठेवलेत, चौकटीही पडद्यावरच्या शॉटवरूनच काढल्यात. तरी पानं निर्जीव वाटतात. शेवटच्या प्रसंगात मुलगी यानावरच्या यंत्रमानवाला विचारते, ‘तू मला विसरशील?’ आणि तो जरा थांबून ‘नाही’ म्हणतो. मालिकेत इथे घशात आवंढा येतो, कागदावर मात्र नुसता प्रश्न आणि नुसतं उत्तर उरलंय. म्हणून तुम्ही विचारता, मूळ भागाशी किती इमान राखायचं, की सरळ नवी कथाच लिहायची? आणि उद्या मालिका परत सुरू झाली तर आपण लिहिलेल्या कथेचं काय?

हा शेवटचा प्रसंग तुम्ही सविस्तर लिहिलात हे बरं केलंत, कारण सगळं दुखणं त्यातच आहे. तुम्ही त्याला इमानाचा प्रश्न समजताय, माझ्या मते तो वेळेचा आहे. पडद्यावर वेळ दिग्दर्शकाच्या हातात असतो. यंत्रमानव चार सेकंद गप्प राहिला, तर प्रेक्षकाला ती चार सेकंदं काढावीच लागतात. कागदावर वेळ वाचकाच्या डोळ्यांत असतो. प्रश्न वाचतानाच शेजारच्या चौकटीतलं ‘नाही’ त्याला कडेने दिसलेलं असतं. तुम्ही ‘नाही’ जपून आणलंत, पण त्याआधीची चार सेकंदं वाटेत सांडली. प्रसंगाचं मोल त्या चार सेकंदांत होतं.

मी आधी काही वर्षं फक्त लेटरिंग, म्हणजे कॉमिकमधला मजकूर अक्षरांत बसवण्याचं काम, करत होते, नंतर पडद्यावरच्या कथांच्या कॉमिक पटकथा लिहायला लागले. पुढचं सगळं त्या टेबलावरचं आहे आणि ते सगळ्यांना सारखं लागू पडणार नाही. छापील अंक आणि फोनवर खाली सरकवत वाचायचं कॉमिक यांत फरक आहे. वाचकाने मालिका पाहिली आहे की नाही, यानेही बरंच बदलतं. आणि हक्कदार किती मोकळीक देतात यावर निम्मं काम ठरतं. करारात ‘भागांचं रूपांतर’ लिहिलंय की ‘मालिकेवर आधारित’, ते पटकथेला हात लावण्याआधी पुन्हा एकदा वाचा.

आधी साधा हिशेब मांडू. २२ मिनिटं म्हणजे १३२० सेकंदं. सरासरी चार सेकंदांचा एक शॉट धरला, तर एका भागात ३३० शॉट होतात. २२ पानांत, पानाला पाच ते सहा चौकटी धरल्या, तर फार तर १३२ चौकटी मिळतात. म्हणजे तीन शॉटमागे साधारण एकच चौकट. तुम्ही शॉटवरून चौकटी काढल्या म्हणजे नकळत दोन शॉट टाकून एक ठेवत गेलात, आणि ठेवताना बहुधा ज्यात कुणीतरी बोलतंय तो ठेवलात. सगळ्यांकडून असंच होतं, कारण संवाद गळला तर कथा कळणार नाही ही भीती असते. मग गळतं काय? तर मान वळवणं, दाराकडे बघणं, हात मागे घेणं, रिकामा कॉरिडॉर. थोडक्यात, ज्यांच्यामुळे संवादाला वजन आलं होतं ती सगळी माणसं आणि जागा.

म्हणून मी भाग बघताना आवाज बंद करून एकदा पूर्ण बघते आणि कुठे काय घडलं हे कागदावर लिहीत जाते. आवाज नसताना जे कळलं, त्याला संवाद लागत नाही. नंतर डोळे मिटून नुसता आवाज ऐकते. जे फक्त ऐकून कळलं, त्याला चित्राची वेगळी सोय करावी लागते. या दोन याद्या शेजारी ठेवल्या की निम्म्याहून जास्त संवाद आपोआप सुटतात. मुलगी ‘बघ, दार उघडतंय!’ असं ओरडते तेव्हा दार उघडताना दिसतच असतं. पडद्यावर ते चालून जातं, कागदावर तीच गोष्ट दोनदा सांगितल्यासारखी होते.

आता तो शेवटचा प्रसंग. माझ्या पहिल्या रूपांतरात एक प्रसंग जवळजवळ असाच होता. एक म्हातारं होत चाललेलं यान, आणि त्याला बंद करायला आलेली तंत्रज्ञ. यानाचा संगणक उत्तर द्यायला वेळ लावतो. मी एक चौकट घेतली, तिच्यात तीन टिंबांचा संवादफुगा घातला आणि पुढे गेले. संपादकांनी पानं परत पाठवली. सोबत एकच ओळ होती: ‘हा थांबला कुठे?’ तीन टिंबं वाचायला डोळ्याला काहीच वेळ लागत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. कागदावर वेळ काढायचा तर जागा द्यावी लागते. पुढच्या खेपेला मी त्याच मापाच्या, त्याच कोनातल्या तीन चौकटी केल्या. तिन्हींत मजकूर नाही. पहिलीत नियंत्रणफलकावरचे सगळे दिवे लागलेले, दुसरीत एक विझलेला, तिसरीत तंत्रज्ञाचा हात बटणापासून बोटभर मागे आलेला. बदल इतका बारीक ठेवला की वाचकाला मागे जाऊन दोन चौकटी ताडून बघाव्या लागल्या. ते मागे जाणं, तोच तो थांबा.

तुमच्या प्रसंगात मी प्रश्न उजव्या पानाच्या तळाशी ठेवेन आणि उत्तर पान उलटल्यावर. छापील अंकात विषम क्रमांकाची पानं उजवीकडे येतात. त्यामुळे वाचकाला आधी दिसू नये असं जे काही असेल, ते सम पानाच्या पहिल्या चौकटीत टाकायचं. पान उलटायला लागणारा क्षण तुम्हाला फुकट मिळतो, आणि तो पडद्याकडे नाही. मात्र त्यासाठी मागची सगळी पानं मोजून आणावी लागतात. जाहिरातीचं एखादं पान मध्ये घुसलं तरी गणित फिसकटतं, म्हणून अंकाचा पानक्रम हातात आल्याशिवाय मी शेवट पक्का करत नाही. फोनवरच्या कॉमिकमध्ये पान उलटणं नसतंच. तिथे प्रश्न आणि उत्तर यांच्यामध्ये रिकामी जागा सोडावी लागते, अंगठ्याला दोन-तीनदा सरकवावं लागेल एवढी.

आवाजाचं दुखणं याहून अवघड आहे. अ‍ॅनिमेशनमधलं पात्र अर्धं आवाजाने घडतं. ‘फ्यूचरामा’ या विनोदी विज्ञानकथा मालिकेतला यंत्रमानव बेंडर जॉन डिमॅजिओच्या आवाजावाचून उभा करून बघा, म्हणजे कळेल. पण ज्याने मालिका पाहिली आहे त्याच्या कानात तो आवाज साठवलेला असतो, आपण तो जागा करू शकतो. त्यासाठी शब्दांपेक्षा वाक्याची चाल पकडावी लागते. पात्र क्रियापद आधी टाकतं का? प्रश्नाला प्रश्नानेच उत्तर देतं का? वाक्य पुरं करतं की अर्ध्यावर सोडतं? मी प्रत्येक मुख्य पात्राची चाळीसेक वाक्यं उतरवून काढते आणि मग त्या पात्राचं नवं वाक्य लिहिताना नाव झाकून सहकाऱ्याला वाचायला देते. कोण बोलतंय ते ओळखता आलं नाही, तर वाक्य पुन्हा लिहायचं. ज्याने मालिका पाहिलेली नाही, त्याच्या कानात मात्र काहीच नसतं. त्याच्यासाठी फुग्याचा आकार कामाला येतो. यंत्रमानवाला कोन असलेला फुगा, रेडिओवरून येणाऱ्या आवाजाला विजेसारखी वाकडीतिकडी शेपटी, कुजबुजीला तुटक रेघ. हे संकेत जुने आहेत आणि वाचकांना सरावाचे आहेत. नवे शोधायच्या नादाला लागू नका.

तुम्ही मराठीत करताय म्हणून लेटरिंगबद्दल जरा जास्त सांगते, कारण इथे बहुतेकांची गफलत होते. इंग्रजी कॉमिकचा मजकूर सहसा सगळा कॅपिटल अक्षरांत असतो, ओळी एकमेकींना खेटून बसतात. देवनागरीत वर मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, जोडाक्षरं. दोन ओळींत जास्त जागा सोडावी लागते. इंग्रजी मापाच्या फुग्यात मराठी कोंबलं की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो. त्यामुळे फुगा चित्र झाल्यावर चिकटवायचा नाही, थंबनेल, म्हणजे पानाचा छोटा कच्चा आराखडा, काढतानाच आखायचा. मी एका फुग्यात पंधरा-सोळा शब्दांच्या वर सहसा जात नाही आणि पानावर शंभराच्या आसपास थांबते. आपल्याकडे कॅपिटल नाहीत, तेव्हा ओरडणं दाखवायचं तर अक्षराची जाडी आणि आकार एवढंच हाताशी असतं. म्हणून ते उधळू नका. प्रत्येक पानावर कुणीतरी जाड अक्षरात ओरडायला लागलं, तर खरी किंकाळी ऐकूच येत नाही.

दुसऱ्या बाजूने मराठीत एक मोठी सोय आहे, ती म्हणजे नादशब्द. खाडकन, सर्रकन, घर्रर्र, टक्क, फुस्स. एकेका यंत्राला आपला नाद देता येतो. यानाचं मालवाहू दार ‘घर्रर्र’ आणि केबिनचं ‘सुर्रकन’ असं पहिल्याच पानावर ठरवून टाका, मग बाराव्या पानावर अंधाऱ्या चौकटीत नुसतं ‘घर्रर्र’ लिहिलं तरी कुठलं दार उघडलं ते वाचकाला कळेल. मी आणखी एक पथ्य पाळते. निर्वातात आवाज जात नाही, तेव्हा यानाबाहेरच्या चौकटींत नादशब्द नाही. बाहेर स्फोट झाला तर चित्र नि:शब्द, आणि लगेच पुढच्या चौकटीत यानाच्या आत ‘धडाम’. पडद्यावर बाहेरच्या स्फोटालाही आवाज द्यायची रीत पडून गेली आहे. कागदावर हे भौतिकशास्त्र पाळता येतं, आणि त्यातून जी भीती तयार होते ती मला फार आवडते.

चित्रांच्या बाबतीत विज्ञानकथेची एक खास पंचाईत असते. माणसांचे चेहरे मॉडेल शीटवरून, म्हणजे पात्र वेगवेगळ्या कोनांतून दाखवणाऱ्या नमुनाचित्रांवरून, येतात, यानाचं तसं नाही. ‘फ्यूचरामा’मध्ये प्लॅनेट एक्स्प्रेसचं यान संगणकावरच्या त्रिमिती मॉडेलने हलवलं जायचं आणि हाताने काढल्यासारखं सपाट दाखवलं जायचं. मालिकेत असं यान कुठल्याही कोनातून फुकटात वळतं, कॉमिकच्या चित्रकाराला मात्र प्रत्येक कोन हाताने काढावा लागतो. तुमच्या हक्कदारांकडे त्रिमिती मॉडेल असेल तर करार होतानाच मागून घ्या. नंतर मागायला गेलं की ते कुणाकडे आहे हे कुणालाच सांगता येत नाही. मॉडेल नसेल, तर चार-पाच कोन पक्के करून तेच वापरा. याउलट, मालिकेत परवडत नाही ते कागदावर परवडतं. हजार परग्रहवासीयांची गर्दी पडद्यावर हलवायची म्हणजे खर्च, कागदावर एका चित्रकाराचे दोन दिवस. शिवाय वाचक थांबून बघतो. ‘फ्यूचरामा’ने पार्श्वभूमीच्या पाट्यांवर परग्रही लिपीत मजकूर लपवला होता आणि प्रेक्षकांनी दृश्यं थांबवून थांबवून ती लिपी सोडवली. कॉमिक तर कायमचंच थांबलेलं असतं. तुमच्या यानाच्या भिंतींवर काय लिहिलंय, याचा विचार आत्ताच करा.

आता तुमचा मूळ प्रश्न: रूपांतर की नवी कथा? दोन्ही चालतं, पण कोण करतंय आणि कशासाठी करतंय यावर ते ठरतं. रूप बदलणाऱ्या यंत्रमानवांच्या खेळण्यांवरून आलेल्या ‘ट्रान्सफॉर्मर्स’चं उदाहरण घ्या. मार्व्हलचं कॉमिक आणि टीव्हीवरची मालिका दोन्ही १९८४मध्ये आली. खेळणी तीच, आणि बहुतेक पात्रांची नावं नि स्वभावचित्रं मार्व्हलच्या बॉब बुडियान्स्कीने लिहिलेलीच. तरी दोन्हींच्या कथा सुरुवातीपासून वेगळ्या वाटांनी गेल्या. अमेरिकेत मालिका १९८७मध्ये आटोपली, कॉमिक १९९१पर्यंत, ८० अंक चाललं. ब्रिटनमधला अंक साप्ताहिक असल्यामुळे अमेरिकेचं मासिक साहित्य पुरेना, म्हणून तिथे नव्या कथा लिहाव्या लागल्या. त्या लिहिणाऱ्यांतला सायमन फरमन पुढे अमेरिकन अंकाचाही लेखक झाला. पोकळी भरायला लिहिलेल्या कथांतून त्या विश्वाचा सगळ्यात भक्कम लेखक निघाला, हे मला नेहमी महत्त्वाचं वाटतं.

‘फ्यूचरामा’चा अंक बाँगो कॉमिक्सने नोव्हेंबर २०००मध्ये सुरू केला, म्हणजे मालिका चालू असतानाच, आणि त्यात भागांची रूपांतरं करण्याऐवजी नव्या कथा लिहिल्या. २००३मध्ये मालिका थांबली तरी अंक निघत राहिला. ‘सिम्पसन्स’शी गाठभेट कॉमिकने २००२मध्येच घालून दिली, टीव्हीवर ती २०१४मध्ये आली.

तुम्हाला मात्र रूपांतर करायचं आहे, तेव्हा तुम्ही दोन जपानी उदाहरणं नीट बघावीत असं मला वाटतं. योशियुकी सादामोतो हा ‘इव्हँजेलियन’ मालिकेचा पात्ररचनाकार. त्याची मंगा, म्हणजे जपानी कॉमिक, १९९४च्या अखेरीस सुरू झाली, मालिका ऑक्टोबर १९९५मध्ये. २६ भाग सहा महिन्यांत संपले, मंगा संपायला २०१३ उजाडलं, आणि तिचा चौदावा, शेवटचा खंड २०१४मध्ये आला. कथेचा सांगाडा तोच. पण त्याने काही लढाया गाळल्या, नायक शिंजीला जास्त तिरकस आणि उलट बोलणारा केला, शेवटही वेगळा केला. पडद्यावरचा शिंजी आत मिटत जातो, आणि तिथे ते आवाजाने, शांततेने, लांबलेल्या स्थिर दृश्यांनी पेलता येतं. कागदावर मिटलेलं पात्र वाचकाला आत शिरू देत नाही. हा बदल त्याने नेमका कशासाठी केला याचा दावा मी करत नाही, पण कॉमिकवाल्याच्या नजरेने मला त्याचा उपयोग हाच दिसतो.

दुसरं उदाहरण ‘गंडाम’चं. १९७९च्या मूळ मालिकेचे ४३ भाग, आणि तिचा पात्ररचनाकार योशिकाझू यासुहिको. त्यानेच २००१ ते २०११ या काळात ‘दि ओरिजिन’ या नावाने ती कथा पुन्हा कागदावर मांडली. तो घटनांचा क्रम बऱ्यापैकी पाळतो, पण मध्येच थांबून नायकाचा प्रतिस्पर्धी शार याच्या लहानपणाची मोठी पूर्वकथा घालतो. मूळ मालिकेत तिच्या नुसत्या खुणा होत्या. आणि नंतर, २०१५ ते २०१८मध्ये, अ‍ॅनिमेशन त्याच पूर्वकथेचं झालं. कॉमिकमध्ये घातलेली भर पडद्यावर परत गेली. मी रूपांतर करताना मालिकेतला असाच एखादा धागा शोधते, ज्याला पडद्यावर वेळ मिळाला नाही. तुमच्या मालिकेत, तुमच्याच वर्णनावरून, तो यंत्रमानवाच्या आधीच्या मालकिणीचा दिसतो. एका वाक्यात उल्लेख येतो आणि जातो. तिथे तीन पानं द्या, आणि त्यासाठी पाठलागाची पाच पानं दोनवर आणा. पाठलाग हे पडद्याचं बळ आहे, कागदावर तो लवकर शिळा होतो.

मालिका परत सुरू झाली तर? हे तुमच्या हातात नाही, आणि झालेलं मी सोसलेलं आहे. एका कॉमिकमध्ये मी एका उपपात्राला मोठा भाऊ दिला होता. त्याच्यावर दोन अंक लिहिले. पुढच्या सीझनच्या तिसऱ्या भागात ते पात्र ‘मी एकुलता एक’ म्हणून मोकळं झालं. वाईट वाटलं, महिनाभर वाटत राहिलं. पण ते दोन अंक वाचणाऱ्यांना तेव्हा जे मिळालं, ते त्यामुळे परत गेलं नाही. ‘सामुराय जॅक’चं कॉमिक २०१३ ते २०१५ या काळात २० अंक चाललं. चित्रकार अँडी सुरियानो मूळ मालिकेत काम केलेला माणूस. २०१७मध्ये मालिकेचा पाचवा सीझन आला आणि तो स्वतःच्या वाटेने गेला. उलट ‘स्टार वॉर्स’मध्ये ‘द क्लोन वॉर्स’ मालिका थांबल्यावर न बनलेल्या चार भागांच्या पटकथांवरून २०१४मध्ये ‘सन ऑफ डॅथोमिर’ हे चार अंकी कॉमिक केलं गेलं, आणि ते अधिकृत कथेचा भाग मानलं जातं. फरक हक्कदारांनी आधी काय ठरवलंय यात आहे. त्यांना लेखी विचारा. उत्तर ‘सांगता येत नाही’ असं आलं, तर माझी पद्धत अशी: मुख्य पात्रांचा जन्म, मृत्यू, लग्न, नातं यांना हात लावायचा नाही, आणि स्वभाव, आठवणी, एखादी रात्र, एखादा बिघाड यांत पूर्ण मोकळेपणाने शिरायचं.

थांबलेल्या मालिकेच्या बाबतीत आणखी एक बघा. ‘इन्व्हेडर झिम’चं कॉमिक २०१५मध्ये आलं, मालिका थांबून कित्येक वर्षं लोटल्यावर. पहिल्या अंकात परग्रहवासी झिम दीर्घकाळ गायब असतो आणि त्याच्या मागावर असलेला मुलगा डिब त्याची वाट बघत पडद्यासमोरच्या खुर्चीत इतका बसून राहतो की त्याची पार दशा झालेली असते. प्रेक्षकांनी काढलेला काळ त्यांनी कथेतच आणला. तुमचा यंत्रमानव विसरणार नाही म्हणाला होता. मालिका बंद पडून जेवढी वर्षं झाली, तेवढीच वर्षं त्या यानातही गेली असं धरून दुसरा अंक सुरू करता येईल का, हे हक्कदारांशी बोलून बघा.

सध्या मात्र पूर्ण २२ पानं पुन्हा काढायला बसू नका. शेवटची सहा पानं घ्या आणि फक्त थंबनेल करा, काडीची माणसं चालतील. त्यांत एकूण साठ शब्दांच्या वर जाऊ नका. ‘तू मला विसरशील?’ उजव्या पानाच्या तळाशी आणा. त्याच्या वर तीन सारख्या, नि:शब्द चौकटी: मुलीचा हात त्याच्या धातूच्या बोटांवर, तोच हात जरा सैल, आणि तिसरीत नुसती बोटं, अर्धवट मिटलेली. मग मालिका न पाहिलेल्या कुणाला तरी ती पानं वाचायला द्या आणि काही न बोलता त्याच्या हाताकडे बघत राहा. पान उलटण्याआधी तो हात क्षणभर अडखळला, तर उरलेली सोळा पानं कशी करायची ते तुम्हाला कळलेलं असेल. अडखळला नाही, तर चौथी चौकट टाका आणि दुसऱ्या कुणाला दाखवा.